भुलीआधीचा अर्धा तास

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्या बाईंनी एक प्रश्न विचारला होता. उत्तर द्यायला वेळ नव्हता, म्हणून आज तोच विषय घेतला आहे. त्यांच्या मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी तिला तपासलं, वजन केलं, एक इंजेक्शन दिलं, पिंजऱ्यावर चादर टाकली आणि म्हणाले, ‘आता अर्धा तास हिला कुणी हात लावू नका, हाकही मारू नका.’ बाई म्हणाल्या, ‘भुलीचं इंजेक्शन दिलं, तर मग लगेच ऑपरेशन का करत नाहीत? हा अर्धा तास कशासाठी?’

प्रश्न साधा दिसतो. पण या अर्ध्या तासापर्यंत पोहोचायला वैद्यकाला शंभरएक वर्षं लागली आहेत. त्या वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणाहून करू. आठवडी बाजारात बैलाला पत्री मारताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पत्री मारणारा बैलाच्या अंगाभोवती दोर असा काही टाकतो, की दोघांनी ओढला की एवढा मोठा बैल गुडघे टेकून अलगद आडवा होतो. मग चारी पाय एकत्र बांधतात आणि खुराला पत्री ठोकतात. आता गंमत बघा. खुराचा बाहेरचा भाग आपल्या नखासारखाच. तिथे संवेदना नाही. खिळा नीट बसला तर बैलाला दुखत नाही. तरीही त्याचे डोळे पांढरे होतात, नाकपुड्या फुलतात, तो धापा टाकतो, शेण टाकतो. दुखत नाहीये, मग हे सगळं कशामुळे? भीतीमुळे. आपल्याला पाडलंय, बांधलंय, उठता येत नाही, एवढंच त्याला कळतं.

म्हणजे दुखणं वेगळं आणि भिणं वेगळं. आजच्या व्याख्यानात एवढं एक लक्षात ठेवा. भुलीच्या औषधानं दुखण्यावर उपाय १८४६ साली सापडला. भीतीवरचा उपाय सापडायला त्यानंतर शंभर वर्षं गेली, कारण भीतीवर उपाय करायला हवा हेच कुणाला पटलेलं नव्हतं.

भुलीची औषधं नव्हती तेव्हा जनावराची ‘तयारी’ म्हणजे दोर. युरोपात पशुवैद्यकाची पहिली शाळा १७६२ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात निघाली, मग पॅरिसजवळच्या अल्फोर्टला, मग १७९१ साली लंडनला. या शाळांतून शरीररचना शिकवली जाई, शस्त्रक्रिया शिकवली जाई, आणि घोडा कसा पाडायचा, कसा बांधायचा हेही शिकवलं जाई. घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून तो काठीनं पिळायचा, पायांत पट्टे अडकवायचे आणि माणसांनी मिळून खेचायचं. जखम डागायची असो की अंड काढायचं असो, जनावर पूर्ण शुद्धीत असे. अल्फोर्टला तर विद्यार्थी जिवंत घोड्यांवर शस्त्रक्रियेचा सराव करत, आणि त्याविरुद्ध इंग्लंडातून निषेध झाले होते.

याच काळात एक तरुण डॉक्टर वेगळा विचार करत होता. हेन्री हिल हिकमन त्याचं नाव, इंग्लंडच्या श्रॉपशर भागातला. १८२४ साली त्यानं कुत्री, उंदीर अशा प्राण्यांना कार्बन डायऑक्साइड वायू हुंगवून बेशुद्ध केलं आणि त्या अवस्थेत त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या. प्राण्यांनी वेदना दाखवली नाही. त्यानं पत्रिका छापली, पुढे फ्रान्सच्या राजाकडे अर्जही केला. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि १८३० साली तो वयाच्या तिशीत वारला. त्यानं निवडलेला वायू गुदमरवणारा होता, म्हणजे पद्धत धोक्याचीच होती. पण शस्त्रक्रियेतली वेदना टाळता येते हे त्यानं जनावरांवर दाखवलं होतं, आणि तेही माणसाच्या भुलीच्या बावीस वर्षं आधी.

मग १६ ऑक्टोबर १८४६ चा दिवस आला. बॉस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं ईथर देऊन रुग्णाला बेशुद्ध केलं. बातमी जगभर पसरली. पुढच्याच वर्षी, १८४७ साली, लंडनमध्ये एडवर्ड मेह्यू या पशुवैद्यानं कुत्र्यामांजरांना ईथर देऊन पाहिलं. त्याचं मत मात्र फारसं अनुकूल झालं नाही. त्याची अडचण अशी होती, की जनावरं या प्रकारात ओरडत, आणि ते ओरडणं वेदनेचं आहे की दुसऱ्या कशाचं, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नव्हतं.

मेह्यूची ही शंका फार प्रामाणिक होती. माणसाला तुम्ही सांगू शकता, ‘बाबा, हे हुंग, घाबरू नकोस, थोडं गुदमरल्यासारखं होईल.’ कुत्र्याला काय सांगणार? त्याच्या दृष्टीनं अनोळखी हातांनी धरून तोंडावर झोंबणाऱ्या वासाचं फडकं दाबलंय. तो जीव खाऊन झगडणारच.

आणि इथेच पशुवैद्यांचं घोडं अडलं. १८४७ च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म आलं, ते ईथरपेक्षा जलद होतं. पण पाचशे किलोच्या घोड्याला क्लोरोफॉर्म देताना मधला एक टप्पा येतो. तेव्हा मेंदूचा ताबा सुटलेला असतो, पण अंगातली ताकद शाबूत असते. त्या टप्प्यात घोडा लाथा झाडतो, आपटतो, स्वतःचा पाय मोडून घेतो, जवळच्या माणसाचाही मोडतो. उपाय काय? आधी दोरानं पाडायचा, बांधायचा आणि मग तोंडावर क्लोरोफॉर्मची पिशवी लावायची. म्हणजे औषध आलं तरी दोर तसाच राहिला. बरेच पशुवैद्य म्हणत, एवीतेवी बांधायचंच आहे, तर औषधाचा खर्च आणि धोका कशाला घ्या? मालकही तेच म्हणे. त्यामुळे पुढची कित्येक दशकं बहुतेक जनावरांना भूल मिळालीच नाही.

आता आपण पॅरिसला जाऊ. १८६०च्या दशकात क्लोद बेर्नार हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ कुत्र्यांवर प्रयोग करत होता. त्याच्या लक्षात आलं, की कुत्र्याला मॉर्फीन टोचलेलं असेल, तर त्याला बेशुद्ध करायला क्लोरोफॉर्म बरंच कमी लागतं, आणि झोप शांत लागते. १८७०च्या दशकाच्या अखेरीस दास्त्र आणि मोरा या दोन फ्रेंच संशोधकांनी त्यात ॲट्रोपीनची भर घातली. क्लोरोफॉर्मच्या सुरुवातीला एका मज्जातंतूच्या मार्गानं हृदयाला ‘थांब’ असा इशारा जाऊ शकतो. तो इशारा ॲट्रोपीन अडवतं. मुख्य औषधाच्या आधी पूर्वतयारीचं औषध द्यायचं, ही कल्पना अशी प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांपासून आली. पण तेव्हा तिचं कारण असं दिलं जाई, की औषध कमी लागतं आणि हृदय सांभाळलं जातं. जनावराची भीती कमी होते, याची कुणी नोंद घेतली असली तरी तो मुद्दा नव्हता.

तो मुद्दा कुठे होता, हे समजायला आता हैदराबादला यावं लागेल. तेव्हा आपला मराठवाडा, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता.

जगभर क्लोरोफॉर्मखाली अधूनमधून धडधाकट माणसं टेबलावर अचानक मरत होती. वाद असा होता, की आधी काय थांबतं, श्वास की हृदय? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचं मत ठाम होतं, आधी श्वास थांबतो. त्यामुळे श्वासावर नजर ठेवा, नाडीकडे बघत बसू नका, म्हणजे धोका नाही. १८८८ साली निजाम मीर महबूब अली खान यांच्या पैशानं पहिला क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला, कुत्र्यांवर प्रयोग झाले, निष्कर्ष लॉरींच्या बाजूनं लागला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानं शंका घेतली. मग निजामानं एक हजार पौंड दिले, की तुमचा माणूस पाठवा आणि स्वतः खात्री करून घ्या. १८८९ च्या अखेरीस लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादला आले. येताना त्यांचं मत लॉरींच्या विरुद्ध होतं. इथे ४९० जनावरांवर प्रयोग झाले: कुत्री, माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं, ससे. ब्रंटन यांचं मत बदललं. त्यांनी तारेनं कळवलं, की धोका श्वास कोंडण्याचा आणि जास्त मात्रेचा आहे, हृदयावर थेट काही नाही. रूपाबाई फर्दुनजी या हैदराबादच्या पारशी डॉक्टर, जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक, त्याही याच लॉरींच्या शिष्या.

४९० जनावरांचा पुरावा होता, आणि तरीही टेबलावरचे मृत्यू थांबले नाहीत. कुठे चुकलं?

उत्तर १९११ साली आलं, आणि योगायोग असा, की एकाच वर्षी दोन शहरांत, दोन्ही ठिकाणी मांजरांकडून. लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं, की मांजराला क्लोरोफॉर्मची अगदी हलकी भूल असेल आणि त्याच वेळी रक्तात ॲड्रिनॅलिन गेलं, तर हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं आणि मांजर मरतं. भूल खोल असेल तर असं सहसा होत नाही. हैदराबादच्या प्रयोगांत जनावरं बहुतांशी खोल भुलीत, जास्त मात्रेत गेली होती. तिथे श्वास खरोखरच आधी थांबत होता. खरा दगा मात्र हलक्या भुलीत, सुरुवातीच्या झटापटीत होता.

आणि हे ॲड्रिनॅलिन अंगात येतं कुठून? त्याच १९११ साली बॉस्टनमध्ये हार्वर्डला वॉल्टर कॅनन आणि त्यांचे सहकारी दे ला पास यांनी मांजराला बांधून त्याच्यासमोर कुत्रा भुंकवला. भुंकण्याआधी आणि नंतर मांजराचं रक्त तपासलं. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ॲड्रिनॅलिन आढळलं, शांत मांजराच्या रक्तात नाही.

आता हे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवा. भीतीनं ॲड्रिनॅलिन वाढतं. ॲड्रिनॅलिन वाढलेलं असताना अर्धवट भूल दिली, तर हृदय बंद पडू शकतं. म्हणजे घाबरलेल्या, झगडणाऱ्या जनावराच्या तोंडावर क्लोरोफॉर्म दाबणं हे नुसतं क्रूर नव्हतं, ते जीवघेणं होतं. हैदराबादच्या मंडळींना दोषही देता येत नाही. १८८९ साली ॲड्रिनॅलिन हे रसायन कुणी वेगळं काढलेलंच नव्हतं. जोकिची ताकामिने यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवल्याचं १९०१ साली जाहीर केलं. जे मोजता येत नाही ते नोंदवहीत येत नाही. जनावराची भीती तिथे हजर होती, तिच्यासाठी रकाना नव्हता.

कॅनन यांचं आणखी एक निरीक्षण आपल्या विषयाला लागू आहे. त्याआधी, १८९०च्या दशकाच्या अखेरीस, ते नव्यानं सापडलेल्या क्ष-किरणांनी मांजराचं पोट बघत असत. मांजर बिथरलं, की पोटाची हालचाल थांबे. शांत झालं, की पुन्हा सुरू. म्हणजे भ्यालेल्या जनावराचं पोट वेळेत रिकामं होईलच असं नाही. ऑपरेशनआधी कुत्र्यामांजराला उपाशी ठेवतात ते यासाठी, की भुलीत उलटी झाली आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुस निकामी होतं. उपास आणि शांतता या दोन वेगळ्या सूचना वाटतात, पण त्या एकमेकींना धरून आहेत.

विज्ञान पुढे गेलं तरी कायदा आणि व्यवहार सावकाश चालतात. इंग्लंडात फ्रेडरिक हॉबडे यांनी १९१५ साली प्राणी आणि पक्ष्यांच्या भुलीवर अख्खं पुस्तक लिहिलं. १९१९ साली तिथे कायदा झाला, की ठरावीक शस्त्रक्रिया भुलीशिवाय करता येणार नाहीत. आपल्याकडे मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय होतं, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय होतं. पण गावात बैल खच्ची करायचा तर तो पाडून, बांधून, बडवूनच केला जाई.

भीतीवरचं औषध आलं ते १९५०च्या दशकात. आंरी लाबोरी हे फ्रेंच नौदलातले शल्यचिकित्सक. क्लोरप्रोमॅझिन हे नवं औषध ऑपरेशनआधी दिलं, की रुग्ण जागा असतो, पण त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं, असं त्यांच्या लक्षात आलं. त्याच कुळातलं ॲसिप्रोमॅझिन पशुवैद्यांच्या हाती आलं. मग जर्मनीत १९६२ साली झायलॅझिन तयार झालं. ते माणसाच्या रक्तदाबासाठी शोधलेलं होतं, पण गुरांना टोचलं की ती डुलायला लागतात, मान खाली घालतात. आता दोराचं काम सुई करू लागली.

पण औषध आलं म्हणजे तयारी संपली असं नाही, उलट ती वाढली. झायलॅझिनची जी मात्रा घोड्याला लागते, तिच्या जवळपास दहाव्या भागात गाय गुंगते. घोड्याच्या हिशेबानं गाईला टोचलं तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून आधी वजन, आधी तपासणी. उपासाचंही तसंच. कुत्र्याला साधारण रात्रीपासून अन्न बंद. गाईचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला कप्पा, शंभर लिटरहून मोठं. तिला एक दिवस चारा बंद ठेवला तरी ते रिकामं होत नाही, आत आंबणं चालूच राहतं. तिला आडवी केली की ढेकर अडतो, पोट फुगतं, छातीवर दाब येतो. म्हणून गाईची बरीच ऑपरेशनं उभ्यानंच, तेवढा भाग बधिर करून करतात. घोड्याला उलटी करताच येत नाही. सशालाही नाही, आणि सशाचं आतडं उपाशी राहिलं तर बंदच पडतं, म्हणून त्याला उपाशी ठेवत नाहीत. लहान पक्ष्याची साखर काही तासांत खाली येते. प्रत्येक जातीचं पंचांग वेगळं.

एवढं सगळं करून फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजला गेला आहे. घोड्यांच्या भुलीची एक मोठी पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. ४१,८२४ घोड्यांच्या नोंदी होत्या. पोटशूळाची तातडीची ऑपरेशनं सोडली तरी शंभरातला जवळपास एक घोडा दगावत होता. याच पाहणीत असंही दिसलं, की शांत करणारं औषध आधी दिलेलं नसेल तर धोका वाढतो, आणि ॲसिप्रोमॅझिन दिलेलं असेल तर कमी होतो. ब्रिटनमधल्या २००८ च्या अशाच पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के होतं. ससा हे मुळातच भिणारं जनावर. त्याच्या आकड्यामागे इतरही कारणं आहेत, पण हेही एक विसरू नये.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या दाराशी आलेला. जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे राहतात. तिथे माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. बिबट्या विहिरीत पडला किंवा घरात शिरला, की गाव लोटतं. मोबाइल वर होतात, पोरं ओरडतात, कुणी दगड मारतं. मग पशुवैद्यक येतात आणि बंदुकीतून भुलीचं इंजेक्शन मारतात. लोकांना वाटतं, आता हा पडला पाहिजे. तो पडत नाही. हे औषध शांत जनावरावर काही मिनिटांत चढतं. पण ज्याच्या अंगात ॲड्रिनॅलिन उसळतंय त्याच्यावर ते उशिरा चढतं, अर्धवट चढतं, आणि तो अर्धवट गुंगीत गर्दीवर झेप घेतो. मात्रा पुन्हा द्यावी, तर जनावर दगावण्याची भीती. अशा वेळी वनखात्याचे लोक हात जोडून एकच विनंती करतात, ‘मागे व्हा, गप्प राहा.’ ती विनंती म्हणजे त्या उपचाराचाच पहिला भाग आहे. लंडन आणि बॉस्टनच्या मांजरांनी १९११ साली जे सांगितलं, तेच विहिरीच्या काठावर पुन्हा सांगावं लागतं.

तेव्हा त्या श्रोत्या बाईंना आमचं उत्तर असं. त्या अर्ध्या तासात डॉक्टर रिकामे बसलेले नव्हते. आधी दिलेलं औषध चढत होतं, मांजरीच्या अंगातलं ॲड्रिनॅलिन उतरत होतं, तिचं हृदय पुढच्या औषधासाठी तयार होत होतं. त्यात तुमचाही वाटा असतो. पिंजरा झाकून न्या. वाट बघताना शेजारच्या कुत्र्यापासून लांब बसा. ‘सकाळपासून उपाशी आहे बिचारी’ म्हणून कुणी बिस्किटाचा तुकडा दिला असेल, तर तो लपवू नका, डॉक्टरांना सांगा. ते रागावतील, ऑपरेशन पुढे ढकलतील. ढकलू द्या. मांजर घरी परत येईल.

आता प्रश्न घेऊ.